पायांखालची चित्रकला

आपण इतिहास शिकतों तेव्हां राजे, लढाया आणि तह यांचीं नांवें पाठ करतों. परंतु सामान्य माणसांचीं घरें कशीं होतीं, त्या घरांतील भूमीवर काय अंथरलेलें असे आणि तें कोणाच्या हातून तयार होई, हे प्रश्न पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात. भूमीवरील अंथरूण ही घरांतील सर्वांत नम्र वस्तु होय. तिच्यावर सर्वांचे पाय पडतात, आणि ती झिजून गेली म्हणजे तिची कोणी आठवणहि ठेवीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका विसरलेल्या वस्तूची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. ती वस्तु म्हणजे इंग्लंड व अमेरिका या देशांतील जुन्या घरांतून दीडशें वर्षांहून अधिक काळ वापरली गेलेली, तैलरंगांनीं रंगविलेली किंतानाची बिछायत.

किंतान म्हणजे जाड व पीळदार सुताचें, जहाजांच्या शिडांना आणि तंबूंना लागतें तसें चिवट कापड. त्याला सरसाचा लेप देऊन, त्यावर तैलरंगाचे थरावर थर चढवून, जी गुळगुळीत व पाणी न शोषणारी बिछायत करीत, तिला इंग्रज लोक ‘फ्लोअरक्लॉथ’ म्हणत. आपल्याकडे तान्ह्या मुलांच्या दुपट्याखालीं जें मेणकापड घालण्याची चाल आहे, तें याच कुळांतील होय. मौजेची गोष्ट ही कीं, स्कॉटलंडमधील सामान्य लोकहि आपल्या बोलींत या बिछायतीस ‘मेणकापड’ याच अर्थाच्या शब्दानें ओळखीत.

या बिछायतीच्या पूर्वीं घरांची भूमि कशी असे, तें प्रथम पाहूं. इंग्लंडांत गरिबांच्या घरीं माती चोपून केलेली जमीन असे. कोठें दगडी फरशी, तर कोठें लांकडी फळ्या असत. जुन्या काळीं त्यावर लव्हाळ्यांचे भारे पसरीत. तुर्कस्तानांतून येणारे लोंकरी गालिचे इतके महाग असत कीं, सोळाव्या व सतराव्या शतकांत ते भूमीवर न अंथरतां बहुधा मेजावर घालीत! अमेरिकेंत जाऊन वसलेल्या लोकांच्या घरीं फळ्यांची जमीन असे, आणि तिच्यावर स्वच्छ वाळू पसरण्याची रीत होती. सांडलेलें तेल व चरबी वाळू शोषून घेई. नवी वाळू पसरली म्हणजे घरची स्त्री केरसुणीच्या टोंकानें तींत लाटांसारख्या रेघा ओढी. चार माणसें घरांत फिरलीं कीं ती नक्षी मोडे. तरीहि ती पुन्हां काढली जाई. पायांखालीं कांहीं सुंदर असावें ही इच्छा गरिबाच्या घरींहि होती, एवढें यावरून दिसून येतें.

श्रीमंतांच्या वाड्यांत काळ्या व पांढऱ्या संगमरवराच्या चौकटी बसविलेल्या असत. मध्यम स्थितींतील गृहस्थाला संगमरवर परवडत नसे. परंतु रंगारी त्याच्या मदतीस आला. त्यानें किंतानावर काळे-पांढरे चौकोन रंगविले, त्यांत संगमरवराच्या शिराहि काढल्या, आणि दिवाणखान्याच्या मापानें तें कापून दिलें. दुरून पाहणारास ती दगडी फरशीच वाटावी! अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही चाल दोन्ही देशांत रुजली होती. न्यू यॉर्क व मॅसॅच्युसेट्स या वसाहतींचा गव्हर्नर विल्यम बर्नेट हा १७२९ सालीं बॉस्टन येथें वारला, तेव्हां त्याच्या सामानाची जी यादी झाली तींत मेजाखालीं घालण्याचीं दोन जुनीं चौकटींचीं किंतानें आणि खोलीच्या आकाराचें एक मोठें रंगविलेलें किंतान यांची नोंद आहे. तीं दोन किंतानें १७२९ मध्येंच ‘जुनीं’ झालीं होतीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें १७३९ सालीं लंडन येथें जॉन कारविदॅम नांवाच्या नक्षीकारानें भूमीवरील नक्षीचें एक चित्रपुस्तक छापलें. तेच नमुने दगडांत किंवा संगमरवरांत बसवितां येत आणि किंतानावरहि रंगवितां येत. त्यांत असे कांहीं चौकोन आहेत कीं, ते पाहतांना सपाट भूमीवर ठोकळे उभे आहेत असा भास व्हावा. १७६३ सालीं नेथन स्मिथ या लंडनच्या कारखानदारानें राळ, डांबर, तांबडी माती, मेण आणि जवसाचें तेल यांचें ऊन मिश्रण कापडावर दाबून बसविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. अशा रीतीनें रंगाऱ्याच्या दुकानांतील काम हळूहळू कारखान्यांत शिरलें.

आतां ही बिछायत कशी करीत, तें सांगतों. कारण तिचें खरें मोल तिच्या कृतीवरूनच कळतें. प्रथम किंतान एका उंच लांकडी चौकटीवर ताणून बसवीत. मोठ्या कारखान्यांत हीं किंतानें अठरा ते चोवीस फूट रुंद असत, म्हणजे मोठ्या खोलींतहि मध्यें शिवण पडत नसे. चौकटीपुढें मजल्यांवर मजले असलेला परांचा बांधून त्यावर कामकरी उभे राहत. ते कापडास सरस लावीत, मग समुद्रफेसासारख्या सच्छिद्र दगडानें तें घांसून त्यावरील गांठी व तूस काढून टाकीत. नंतर दाट रंगाचा पहिला थर थापीनें चोपडीत. तो वाळला म्हणजे पुन्हां घांसणें, पुन्हां थर, पुन्हां वाळविणें. कापडाच्या दोन्ही अंगांस असे अनेक थर चढले म्हणजे नक्षीची पाळी येई. आरंभीं नक्षी हातानें अथवा कातरलेल्या पत्र्याच्या साहाय्यानें काढीत. पुढें लांकडी ठसे आले. एका ठशानें एकच रंग उठे. नक्षींत सहा रंग असले तर सहा ठसे, आणि प्रत्येक ठसा मागच्या ठशाशीं अचूक जुळवून बसविला पाहिजे. एका केसाचें अंतर पडलें तरी गुलाबाची पाकळी देठापासून सुटून दिसे.

या सर्व कृतीचा आत्मा म्हणजे जवसाचें तेल. आमच्या विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. एका कांचेवर खोबरेल तेलाचा व दुसरीवर जवसाच्या कच्च्या तेलाचा पातळ हात फिरवून त्या कांचा कांहीं दिवस उघड्या हवेंत ठेवाव्या. खोबरेल तसेंच ओलसर राहील. जवसाच्या तेलाची मात्र चिवट साय बनेल. पाणी वाळतें तें वाफ होऊन उडून जातें म्हणून. परंतु हें तेल उडून जात नाहीं. तें हवेंतील प्राणवायु शोषून घेतें आणि घट्ट होतें. ही क्रिया सावकाश चालते व तिची घाई करतां येत नाहीं. म्हणूनच चांगली बिछायत वाळण्यास महिनेच्या महिने लागत, आणि अर्धवट वाळलेली विकली तर ती लौकर झिजे. आणखी एक नवल असें कीं, ज्या झाडाच्या बियांचें हें तेल, त्याच जातीच्या झाडाच्या देठांतील वाखापासून तागा, म्हणजे ‘लिनन’, विणतात. कित्येक बिछायतींत कापडहि जवसाचें आणि रंगांतील तेलहि जवसाचें, असा योग असे.

परंतु याच रंगाची एक काळी बाजूहि सांगितली पाहिजे. त्या काळीं तैलरंगाचा आधार सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा क्षार, हा असे. सफेता हें विष आहे. तो दळणारे व मिसळणारे मजूर पोटशुळानें हैराण होत आणि कित्येकांचीं मनगटें लुळीं पडत. दिवाणखान्यांत चालणाऱ्या पाहुण्याला खालची नक्षी दिसे. ती ज्यांच्या हातून उतरली ते हात दिसत नसत.

या बिछायतीचा उपयोग कोठें होई? मुख्यतः जेथें वर्दळ व घाण अधिक तेथें: प्रवेशाची ओसरी, जिन्याखालची वाट, आणि जेवणाच्या मेजाखालील जागा. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांच्या शासकीय निवासस्थानांतील लहान भोजनगृहांत हिरव्या रंगाचें किंतान असे. १८०९ सालच्या सामानाच्या यादींत तें नोंदलेलें आहे. तें कशासाठीं, याचा खुलासा त्यांनीं स्वतः एका पत्रांत केला आहे. खालची लांकडी भूमि अतिशय सुरेख होती. तिच्यावर तुपकट डाग पडूं नयेत आणि ते काढण्यासाठीं ती घासावी लागूं नये, एवढाच त्यांचा हेतु होता. थोरामोठ्यांच्या घरींहि ही वस्तु आधीं उपयोगाची आणि मग शोभेची मानली जाई.

तिची निगाहि जपून ठेवावी लागे. ऊन पाणी व तीव्र साबण यांनीं रंग उखडतो, म्हणून ओल्या फडक्यानें पुसून नंतर थोड्या दुधानें चकाकी आणीत. घडी घातली तर रंगास भेगा पडतात; म्हणून ती नेहमीं गुंडाळूनच ठेवीत. नक्षी झिजली म्हणजे पुन्हां रंगवीत. अगदींच जीर्ण झाली म्हणजे चांगला भाग कापून लहान खोलींत किंवा स्वयंपाकघरांत घालीत. काटकसरी गृहिणीच्या घरीं ही बिछायत दोन-तीन जन्म घेई.

आतां एका गृहिणीची गोष्ट सांगतों. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंड नांवाचें बेट आहे. त्याच्या टोंकाकडील ईस्ट हॅम्प्टन या गांवीं १७९९ पासून १८१० पर्यंत लायमन बीचर हे पाळक होते. त्यांची पत्नी रोक्सॅना हिच्या पोटीं पुढें ‘अंकल टॉम्स केबिन’ या प्रख्यात कादंबरीची लेखिका हॅरिएट बीचर स्टो जन्मास आली. या बीचर कुटुंबाची प्राप्ति बेताची होती, आणि गांवांत एकाहि घरीं गालिचा नव्हता. सर्वत्र वाळू पसरलेल्या फळ्या. लायमन यांना त्यांच्या एका नातलगानें कांहीं पैसे दिले. ते घेऊन ते एका लिलावांत गेले आणि कापसाचा एक गठ्ठा विकत घेऊन आले. रोक्सॅनानें तो कापूस स्वतः कातला व त्याचें कापड विणवून घेतलें. मग माळ्यावरील जमिनीवर तें खिळ्यांनीं ताणून बसविलें आणि त्यास खळ दिली. न्यू यॉर्कहून रंग मागविले, ते आपल्या हातानें वाटले व मिसळले. घरकामांतून सवड मिळेल तेव्हां ती माळ्यावर जाऊन बसे आणि रंगवी. भोंवतीं किनार, मध्यें गुलाबाचे व इतर फुलांचे झुबके, अशी ती बिछायत तयार होऊन बैठकीच्या खोलींत आली.

एके दिवशीं मंडळींतील एक वृद्ध डीकन पाळकांच्या भेटीस आले. ते दारांतच थबकले. पाळक त्यांना आंत बोलावूं लागले. परंतु फुलांवर पाय दिल्यावांचून आंत येणें शक्य नाहीं, अशी त्यांची अडचण होती. बराच वेळ ते त्या कापडाकडे कौतुकानें पाहत राहिले, आणि शेवटीं त्यांनीं पाळकांस अशा अर्थाचें विचारलें कीं, एवढें सारें येथें मिळवून वर स्वर्गहि मिळेल, असें तुम्हांस वाटतें काय? लायमन बीचर यांनीं ही आठवण म्हातारपणीं आपल्या मुलांना सांगितली आणि ती त्यांच्या आत्मचरित्रांत छापली गेली.

हा प्रश्न हंसून सोडून देण्यासारखा नाहीं, असें आम्हांस वाटतें. गरिबीच्या गांवांत एका घरीं गुलाब फुलले म्हणजे शेजाऱ्याच्या मनांत शंका यावी हें स्वाभाविक आहे. ही चैन नव्हे काय? शोभा ही साधेपणाची वैरीण नव्हे काय? या बिछायतीच्या इतिहासांत त्याचें उत्तर सांपडतें असें आमचें मत आहे. लंडनच्या ज्या गृहस्थानें संगमरवर नसतां संगमरवराचा भास उभा केला, त्याला बहुधा दुसऱ्याच्या डोळ्यांत मोठें दिसावयाचें होतें. रोक्सॅनानें कशाचाहि भास उभा केला नाहीं. तिच्या गुलाबांना कोणी खरे गुलाब समजणार नव्हतें, आणि तीं फुलें तिनें कोणाचें तोंड पाहून काढलीं नव्हतीं. तिनें कापसाच्या एका गठ्ठ्याला आपली विद्या व आपला वेळ दिला, आणि वाळू झाडण्याचे नित्याचे कष्टहि कमी केले. वस्तु एकाच जातीची. पण एकीच्या पाठीमागें दिखाऊपणा आणि दुसरीच्या पाठीमागें श्रम व प्रीति. डीकनमहाशयांना दोहोंतील भेद कळला नसेल असें म्हणवत नाहीं. कारण फुलांवर पाय ठेवण्यास तेच तर कचरले!

घरोघरच्या या कलेबरोबरच कारखान्यांचा विस्तारहि चालू होता. स्कॉटलंडमधील कर्कॉडी या समुद्रकांठच्या गांवीं मायकेल नेर्न यानें १८२८ सालीं किंतान विणण्याचा धंदा काढला. आपलें कापड दुसरे कारखानदार घेऊन रंगवितात, तर आपणच तें कां रंगवूं नये, असा विचार करून १८४७ सालीं त्यानें टेकाडावर एक मोठी उंच इमारत बांधली. गांवकऱ्यांनीं तिला ‘नेर्नचा वेडेपणा’ असें नांव ठेविलें. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. आज रंगविलेला माल महिनोन्महिने वाळत टांगून ठेवावयाचा. तोंपर्यंत मजुरांस पगार द्यावयाचा, तेलाचे व रंगाचे पैसे चुकते करावयाचे, आणि पदरीं कांहींच पडावयाचें नाहीं! परंतु नेर्ननें धीर सोडला नाहीं. पूर्ण वाळल्याखेरीज माल बाहेर न जाऊं दिल्यामुळें त्याच्या बिछायतींचा लौकिक वाढला, आणि पुढें तें सबंध गांवच या धंद्यावर पोसूं लागलें. जवसाच्या तेलाचा उग्र वास हीच त्या गांवाची खूण होऊन बसली.

या बिछायतीचा शेवटहि जवसाच्या तेलानेंच केला. फ्रेडरिक वॉल्टन नांवाच्या इंग्रज संशोधकाचें लक्ष रंगाच्या डब्यांत तेलावर धरलेल्या चिवट सायीकडे गेलें. ही साय मुद्दाम मोठ्या प्रमाणावर तयार केली तर काय होईल, असें त्याच्या मनांत आलें. तिच्यांत राळ व बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा मळून, तो लगदा किंतानावर लाटून त्यानें एक नवी बिछायत केली व १८६३ सालीं तिचें पेटंट घेतलें. लॅटिन भाषेंत जवसाला ‘लिनम्’ व तेलाला ‘ओलियम्’ म्हणतात. त्यावरून तिचें नांव ‘लिनोलियम’ पडलें. जुन्या बिछायतीचा रंग वरवर असे. लिनोलियमचा थर जाड, लवचिक व पायांस मऊ. पेटंटाची मुदत संपतांच १८७७ सालीं नेर्नच्या कारखान्यानेंहि तें काढण्यास आरंभ केला, आणि रंगविलेलें किंतान हळूहळू मागें पडलें. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्लॅस्टिकच्या बिछायतींनीं लिनोलियमलाहि मागें सारलें.

या ठिकाणीं आपल्या देशाचा संबंध येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडच्या तेलघाण्यांना जें जवस लागे, त्यांतील मोठा हिस्सा हिंदुस्थानांतून जाई. नागपूर व वऱ्हाडकडील शेतकरी रब्बीच्या हंगामांत जवस पेरीत. निळ्या फुलांचीं तीं शेतें पिकलीं म्हणजे बीं पोत्यांत भरून आगगाडीनें मुंबई बंदरांत येई व तेथून जहाजानें परदेशीं रवाना होई. लिनोलियमच्या पाठीला लागणारें किंतान पुढें बंगालच्या तागाचें होऊं लागलें; तो ताग कलकत्त्याहून स्कॉटलंडमधील डंडी शहरीं विणण्यास जाई. परदेशच्या दिवाणखान्यांत कोणी पाऊल टाकी, तेव्हां त्याच्या पायांखालीं आमच्या शेतकऱ्याच्या घामाचाहि एक थर असे. याची जाणीव ना त्या चालणाऱ्याला होती, ना त्या शेतकऱ्याला.

आज या जुन्या बिछायतींचे नमुने फारच थोडे उरले आहेत. जें वापरून झिजवावयाचें, तें टिकणार कसें? अमेरिकेंत मिसिसिपी राज्यांतील नॅचेझ या गांवीं मेलरोझ नांवाचा १८४० नंतरच्या दशकांत बांधलेला वाडा आहे. तेथें जुनें रंगविलेलें किंतान अद्याप जपलेलें आहे. तो वाडा कापसाच्या पैशावर उभा राहिला, आणि तेथील काबाडकष्ट गुलाम म्हणून राबविलेल्या स्त्रीपुरुषांनीं केले. बांधून घेणाऱ्या धन्याचें नांव इतिहासांत सहज सांपडतें. तें किंतान रोज पुसणाऱ्यांचीं नांवें शोधावीं लागतात. अलीकडे जुनीं घरें जतन करणाऱ्या संस्था यादींतील नोंदी व तत्कालीन चित्रें यांवरून नवीं किंतानें रंगवून घेतात, आणि कित्येक कारागीर जुन्या रीतीनें हें काम पुन्हां करूं लागले आहेत. त्यांनाहि रंग वाळण्याची वाट पाहावीच लागते. त्यांतून सुटका नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांना या हकीकतींतून एक संवय लागावी, अशी आमची इच्छा आहे. घरांतील एखाद्या नेहमींच्या वस्तूकडे, मग ती सतरंजी असो, चटई असो कीं गोधडी, क्षणभर थांबून पाहावें आणि ती कशाची केली, कोणीं केली, तिला किती दिवस लागले, हें घरच्या वडीलमाणसांस विचारावें. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मुलगी कागदावर वेल काढूं लागली किंवा मुलगा लांकडावर नक्षी कोरूं लागला, तर तो वेळेचा अपव्यय मानूं नये. घर लहान असेल, प्राप्ति थोडी असेल. परंतु आपल्या हातानें त्यांत थोडें सौंदर्य आणणें हा अपराध नाहीं. डीकनमहाशयांचा प्रश्न मात्र विसरूं नये. एखादी वस्तु घरांत आणतांना ती दुसऱ्याच्या डोळ्यांत भरावी म्हणून आणीत आहों कीं घरच्या माणसांच्या सुखासाठीं, हें ज्याचें त्यानें स्वतःला विचारावें, आणि मगच तिला उंबरठ्याच्या आंत घ्यावें.